रोग कुठं चढला?

आमच्या शहापुरात लग्नाच्या पत्रिका वाटायला काढल्या की घरोघर एक प्रश्न हमखास निघतो. दामूमामांना पत्रिका द्यायची, की घाईत राहून गेली असं म्हणायचं? कारण पत्रिका दिली की ते येतात, आणि येताना ओगराळं घेऊन येतात.

हे ओगराळं म्हणजे तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातलं नव्हे. फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याला हातभर लांब दांडा जोडून घेतलाय, आणि दांड्याच्या टोकाला आकडा, पिंपाच्या काठावर अडकवायला. मांडवात शिरल्यावर मामा नवरा-नवरीकडे बघत नाहीत, यजमानांना रामराम करत नाहीत. थेट पाण्याच्या निळ्या पिंपाशी जातात, ओगराळं बुडवतात आणि शेवटची पंगत उठेपर्यंत तिथून हलत नाहीत. आपल्याकडे पाणी प्यायची रीत ठरलेली. ग्लास घ्यायचा, पाची बोटांसकट पिंपात बुडवायचा, निम्मं प्यायचं आणि उरलेलं पिंपाशेजारीच फेकायचं. मामा असले की यातलं काहीही चालत नाही.

एका हळदीला आमच्याकडचे एक पुढारी आले होते. मांडवभर हात मिळवत, पाठी थोपटत ते पिंपापर्यंत पोचले आणि सवयीनं ग्लास बुडवायला गेले. मामांनी त्यांचं मनगट वरच्या वर धरलं.

"साहेब, आज तुमी सगळ्या तालुक्याशी हात मिळवलाय. तोच हात आता सगळ्या तालुक्याला पाजू नका."

पुढारी हसले, कारण भोवती मतदार होते. यजमान मात्र घामाघूम झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात मामांची पत्रिका घाईत राहून गेली.

मामा माझ्या शेजारी राहतात. मी मुरबाडला शाळेत शिकवते आणि मामा त्या रस्त्यावरच्या एस.टी.वर उभा जन्म कंडक्टर होते, त्यामुळे आमची ओळख शेजारापेक्षा जुनी. तेव्हाचे कंडक्टर तिकीट फाडायच्या आधी जिभेला बोट लावायचे. मामांच्या पट्ट्याला मात्र शेंदूर ठेवतात तेवढी एक डबी बांधलेली असायची, आणि तिच्यात ओला स्पंज. त्यावर बोट टेकवून ते तिकीट काढायचे. बाकीचे कंडक्टर हसायचे. मामा म्हणायचे, "माझी थुंकी माझ्यापाशी बरी. मुरबाडपर्यंत कशाला पाठवू?"

नोकरी सुटली तरी मामांच्या डोक्यातली गाडी काही थांबली नाही. त्यांच्या हिशेबी प्रत्येक रोग हा विनातिकीट प्रवासी आहे. त्याला स्वतःला चालता येत नाही. आपण थांबा देतो, दार उघडतो, बसायला जागा करून देतो, तेव्हा तो गावभर हिंडतो. म्हणून कुणी आजारी पडलं की इतर लोक "आता बरं आहे का?" असं विचारतात, आणि मामा विचारतात, "कुठं चढला?"

माझ्या नवऱ्याला जुलाब झाले तेव्हा मामा उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले आणि चौकशी सुरू झाली.

"परवा कुठं गेलावतास?"

"कुठं नाही हो. बाजारात."

"बाजारात काय प्यालास?"

"उसाचा रस."

"बर्फ घालून?"

नवऱ्यानं चादर वर ओढली. मामा उठले. "बर्फात चढला. आता उतरवायचा तर पाणी उकळून पी, साखर-मीठ घालून पी, आणि संडासातून आल्यावर साबणानं हात धू. नायतर बाईंच्या पोळीवर बसून तो पोरांच्या पोटात जाईल." मी पोळ्याच लाटत होते. त्या दिवशी माझ्या घरात कुणी धड जेवलं नाही.

या चौकशीतून कुणी सुटत नाही. ताप आला की मामा डॉक्टरच्याही आधी तुमच्या घराची मागची बाजू तपासतात. फुटकी बादली, जुना टायर, कुंडीखालची ताटली, जिथे म्हणून पाणी साचलं असेल ते पालथं करतात. माझ्या टाकीत त्यांनी मला न विचारता गप्पी मासे सोडले आणि वर सांगितलं, "पाहुणे आलेत, त्यांना डासांची पोरं खाऊ दे. तुमी वेगळं काय घालू नका." खोकणाऱ्या माणसाला ते रुमाल काढून देतात आणि तो परत घेत नाहीत. जन्मभर "आत सरका, पुढं सरका" म्हणून माणसं कोंबणारा हा माणूस आता रेशनच्या रांगेत उभा राहून "मागं सरका, अंतर ठेवा" म्हणून ओरडतो. लोक वैतागतात, पण सरकतात. तो आवाज ऐकून सरकायची सवय दोन तालुक्यांना लागलेली आहे.

मामांचं लग्न झालं नाही. त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती ते स्वतःच सांगतात. वासिंदकडे मुलगी बघायला गेले होते. मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. नाव काय, शिक्षण किती, हे सगळं राहिलं बाजूला. मामांनी विचारलं, "हात धुतलेस का?" मुलगी बशी घेऊन तशीच आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. "धुवायला गेली असेल म्हणून मी लय वेळ बसलो," मामा सांगतात, आणि आपण हसायचं की नाही हे आपल्याला कळत नाही.

घरात एकटे, पण त्यांचा जीव एका भाचीत. किन्हवलीच्या पुढे एका पाड्यावर त्यांची बहीण हिराताई राहते. तिचा नवरा लवकर गेला, पदरात दोन मुली. मोठी पूनम आईबरोबर शेतावर राबायची. धाकटी प्रणाली मात्र मामाच्या गाडीनं शाळेत जायची. कंडक्टरच्या बाकावर खिडकीशी चिकटून तिची जागा ठरलेली होती. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी त्या कोपऱ्यात कुणी बसायचं नाही. मी स्वतः त्या गाडीत उभ्यानं प्रवास केलेला आहे, शिक्षिका असून, आणि ती पोरगी पाय हलवत चिंचा खात बसलेली असायची. खायच्या आधी मामा तिच्या हातांवर बाटलीतलं पाणी ओतायचे. गाडी त्यासाठी थांबवायचे, असंही लोक म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात प्रणालीचं लग्न ठरलं. मामा हरखून गेले. पांढरा सदरा शिवला, फेटा आणला आणि माझ्या आरशासमोर तो बांधून बघितला. मुलीला मामानं मांडवात आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत मामानं तिच्या मागे उभं राहायचं. बाप नसलेल्या पोरीच्या मागे तर मामाच. "बाई, त्या दिवशी पिंपाकडं तुमी उभं राहायचं," त्यांनी मला बजावलं. "मी पोरीच्या मागून हलणार नाय."

लग्नाला आठवडा असताना मामांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ, मग पाण्यानं भरलेले फोड. कांजिण्या! साठी उलटलेल्या माणसाला! डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत कुणात मिसळायचं नाही. लग्नापर्यंत खपली धरेलच असं नाही, हेही सांगितलं.

मी जेवण घेऊन गेले तेव्हा मामांनी आतून विचारलं, "तुमाला झाल्यात का?" मी म्हटलं, दुसरीत असताना. "मंग आत या." त्यांच्या घरात असं मोकळेपणानं मला पहिल्यांदाच बोलावलं गेलं. खाटेवर ते फोडांनी भरलेलं तोंड घेऊन बसले होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मामा, कुठं चढल्या?"

ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते खाली बघून म्हणाले, "दोन-तीन आठवड्यांखाली एक हळद झाली ना, तिथं. एक पोरगं पिंपाशी रडत होतं. आई नाचायला गेलेली. उचलून घेतला, तर मांडीवर झोपला. अंग गरम लागत होतं त्याचं. मला कळत होतं बाई, खाली ठेवायला पायजे. पण झोपला होता हो." मग म्हणाले, "नाय ठेवला."

दोन दिवसांनी हिराताई आली. मामांनी तिला अंगणातच उभं केलं आणि खिडकीतून बोलणं झालं.

"दादा, आयचा फुलोरा हाय तो," ती म्हणाली. "देवी अंगावर आलीय, तिला कुणी कोंडून ठेवतं का? लिंबाचा पाला घालून आंघोळ कर नि चल. अख्खा पाडा म्हणतो, मामा पायजे."

"पूनमला कितवा हाय?"

"सातवा."

"तिला लहानपणी कांजिण्या झाल्यात?"

हिराताई पदराचं टोक चाळवू लागली.

"नाय झाल्या. मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. "पोटुशी बाईला लय वाईट. आणि ती बहिणीच्या लग्नात माझ्यापासून कुठं लांब बसेल? मांडव केवढा तुमचा! मी नाय येत, हिरे."

"नि पोरीच्या मागं कोण उभं राहील?"

"पांडूला उभा कर. चुलत असला तरी मामाच हाय."

हिराताई पदरात तोंड घालून रडली. खिडकीतून मामा म्हणाले, "घरी जाऊन हातपाय धू," आणि खिडकी लावून घेतली. मी तेव्हा ओट्यावरच होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचा राग आला. एवढा काय माणसानं नियमाला धरून राहायचं, असं वाटलं. मग सातव्या महिन्यातली पूनम डोळ्यांपुढे आली आणि माझा राग निमूट परत गेला.

लग्नाच्या दिवशी मामांनी बजावल्याप्रमाणे मी ओगराळं घेऊन पिंपाशी उभी राहिले. बोटं बुडवू पाहणाऱ्यांना मीही ओरडले आणि मला ते आवडलं. मुहूर्त दुपारचा होता. भटजींनी माईकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणावं." पांडूमामा उठले. मांडवाच्या मागच्या बाजूला शेतं होती, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, पालापाचोळा जाळून काळी केलेली. सहज तिकडे लक्ष गेलं. पार पलीकडच्या बांधावर, आंब्याखाली, पांढरा सदरा आणि फेटा घालून एक माणूस उभा होता. शेजारी मामांची जुनी स्कूटर. शहापूरपासून उन्हातान्हात, वाटेत कुणाशी न बोलता, आपले आपण आले होते.

मंगलाष्टकं भोंग्यावर चालली होती, तेव्हा तिकडे ऐकू जात असणारच. मामा हात जोडून ताठ उभे होते, कुणाच्या तरी मागे उभं राहावं तसे. "सावधान" झालं की इकडे आम्ही अक्षता टाकत होतो आणि तिकडे ते खिशातून मूठ काढून समोरच्या मोकळ्या शेतात अक्षता टाकत होते. मी ओगराळं सोडलं आणि डोळे पुसले. त्या वेळात कुणी पिंपात हात घातला असेल तर मला माहीत नाही.

मी त्यांना ताट नेऊन दिलं. त्यांनी पहिलं विचारलं, "पूनम कुठं बसलीय?" मी म्हटलं, घरात, पंख्याखाली. "बरं. तुमी आता हात धुतल्याबिगर तिच्याकडं जाऊ नका."

पाठवणीच्या वेळी गाडी निघाली आणि रस्त्याच्या वळणावर थांबली. प्रणाली खाली उतरली. शालू सावरत, काळ्या शेतातून ती आंब्याकडे चालायला लागली. मी तिच्या मागे धावले. मामांनी दोन्ही हात वर केले.

"थांब! तिथंच थांब!"

ती पुढे येत राहिली, मामा मागे सरकत राहिले, आणि त्यांची पाठ आंब्याला टेकली.

"मामा, मला झाल्यात कांजिण्या," ती रडत म्हणाली. "लहानपणीच झाल्यात. येऊ दे ना मला."

"खोटं बोलू नको," मामा म्हणाले. "पहिलीत तुला गोवर झालावता. तिसरीत गालफुगी. पाचवीत कावीळ, सरळगावच्या जत्रेतला गोळा खाल्लावतास म्हणून. कांजिण्या नाय झाल्या तुला. मला सगळं म्हाईत हाय."

ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिथेच, ढेकळांत, तिनं गुडघे टेकले आणि जमिनीला डोकं लावून नमस्कार केला. मामांनी लांबूनच हात उचलला. नवऱ्या मुलाकडची माणसं हाका मारत होती. ती उठली, वळून वळून बघत गाडीत जाऊन बसली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मामा झाडापासून पुढे आले. ती जिथे वाकली होती तिथे येऊन खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. त्यांच्यापाशी जाऊ शकेल असं त्या सगळ्या लग्नात एक माझ्याखेरीज कुणी मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो काढायला सांगितला नाही.