जिची तबरा, ती नाही म्हणते

गुरुवारी दुपारी सेलेखाची पहिली तबरा तकबर खालाच्या आवाजात ग्रुपवर पडली आणि दहा मिनिटांत सत्त्याऐंशी बायकांनी लाल बदाम पाठवले. सेलेखा पाठीवरचं दप्तर न उतरवताच गच्चीवर नाचली. दप्तरात भूगोलाचं पुस्तक होतं, आणि तबरा सुचली होती ती भूगोलाच्याच तासाला, त्यामुळे ते बरोबर नाचलं तरी हरकत नव्हती.

तबरा म्हणजे बायकांनी बायकांतच म्हणायची दोन ओळींची प्रेमकविता. कुणावर आहे ते सांगायचं नाही आणि कुणी केली तेही सांगायचं नाही. आज्यांच्या काळी ती वाळूच्या टेकडीआड बसून म्हणत. आता राजधानी नुआकशॉटपासून वाळवंटातल्या अतार गावापर्यंतच्या दोनशे बायका फोनवर एका ग्रुपात आहेत. आवाज ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकीनं आपली तबरा तकबर खालाला खासगीत पाठवायची आणि खालानं ती स्वतःच्या आवाजात म्हणायची. सेलेखाची अशी होती:

पहिल्या पेल्यालाच उठलास, दोन पेले बाकी ठेवून;
सहा महिने झाले, शेगडी मी विझू दिलेली नाही.

आता एखादीनं तरी म्हणावं की नाही, शेगडी काय छान आणली आहे? पण बदाम संपले आणि चौकशी सुरू झाली.

"कोण गं हा, पहिल्या पेल्याला उठणारा? आईबापांनी तीन पेले चहा प्यायला शिकवलं नाही का?"

"ते सोड. सहा महिन्यांपूर्वी तलाक कुणाचा झाला?" अतारच्या एका बाईनं लिहिलं.

झालं. सहा महिन्यांपूर्वी सेलेखाच्या मामेबहिणीचा, जैनबूचा तलाक झाला होता. तिचा नवरा देद्दाह घाईसाठी सगळ्या शहरात प्रसिद्ध होता. स्वतःच्या लग्नाला तो बाहेर गाडी चालू ठेवून आला होता.

"माझी नाही ती," जैनबूनं लिहिलं.

"नाही म्हणाली," अतारची बाई म्हणाली, आणि दोनशे बायकांचं समाधान झालं. कारण जिची तबरा असते ती कधीच कबूल करत नाही, हे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं.

सेलेखा जिना उतरून तरातरा आईकडे गेली. "आई, ती तबरा माझी आहे."

"हो, आणि चंद्रही तुझाच," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"अगं, सहा महिने मी मात्रेसाठी घातले. पाच बसत नव्हते, सात लांबत होते."

"तू केली असतीस तर मला सांगितलं असतंस का?"

"सांगतेच आहे ना."

"म्हणजे तू केलेली नाहीस."

या हिशेबात चूक कुठे आहे ते सेलेखाला सापडेना, आणि सापडत नाही याचाच तिला जास्त संताप आला. तिनं ग्रुपवर स्पष्ट लिहिलं, 'तबरा माझी आहे, सेलेखाची.' बायकांनी हसणारी तोंडं पाठवली. मग तिनं खालाला फोन केला.

"खाला, तुम्हाला तर माहीत आहे."

"मला खूप माहीत आहे, पोरी. दोनशे जणी माझ्या पोटात आहेत. एक बाहेर काढली तर बाकीच्या माझा गळा धरतील."

"पण माझी कविता चोरीला गेली."

"चोरीला कशी? सगळ्यांना पाठ आहे की."

देद्दाहची बहीण त्याच ग्रुपात होती. पुरुषांनी तबरा ऐकायची नसते, म्हणून तिनं ती भावाला फक्त दोनदा ऐकवली. शनिवारी देद्दाह जैनबूच्या दारात उभा राहिला, गाडी बंद करून.

संध्याकाळी जैनबू सेलेखाच्या खोलीत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"तुझीच आहे ना ती?"

सेलेखाला भरून आलं. "तुला कसं कळलं?"

"माझी नाही हे मला माहीत आहे. आणि तू तीन दिवस बोंबलत फिरतेयस."

"मग सांग ना सगळ्यांना."

"नको. मला दे ती."

"तबरा म्हणजे काय मेल्हफा आहे, लग्नात गुंडाळायला मागून न्यायला?"

"तो तिसऱ्या पेल्यापर्यंत बसला गं," जैनबू हळूच म्हणाली. "चार वर्षांच्या संसारात कधी बसला नव्हता."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सेलेखाला तिचा राग आला, देद्दाहचा आला, स्वतःच्या मऊ काळजाचा तर सगळ्यात जास्त आला. जन्मातली पहिली कविता, आणि ती दुसरीच्या नवऱ्यासाठी द्यायची? रागारागातच तिनं फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, 'मी उगाच बोलले. ती तबरा माझी नाही.'

त्याखाली लगेच जैनबूनं आनंदाच्या भरात लिहिलं, 'माझीच आहे. आता काय लपवायचं.'

दोनशे बायकांनी दोन्ही निरोप खालीवर करून वाचले.

"जैनबू हो म्हणतेय?" कुणीतरी विचारलं.

"मग तिची नव्हेच."

"आणि ती पोरगी नाही म्हणतेय," अतारच्या बाईनं लिहिलं.

पुन्हा बदाम सुरू झाले, या वेळी सेलेखाच्या नावानं. जैनबू घाबरून घरी धावली, तर देद्दाह अजून तिथेच बसून चौथा पेला मागत होता. तबरा कुणाची का असेना, चहा हिच्या हातचा आहे, असं म्हणून त्यानं पुन्हा निकाह कधी लावायचा तेही ठरवून टाकलं.

सेलेखा पलंगावर उभी राहिली. एकशे बारा बदाम, खाली तिचं नाव. एकशे तेरावा आलाच नाही. त्याच्या जागी प्रश्न आला.

"तर मग, कोण आहे गं तो?"

'कुणीच नाही,' सेलेखानं लिहिलं. 'कविता करायला माणूस कशाला लागतो? मी भूगोलाच्या तासाला बसून केली.'

"कुणीच नाही म्हणतेय," अतारची बाई तृप्त होऊन म्हणाली. "म्हणजे मोठ्या घरचा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याची उंची, त्याची जमात आणि त्याच्या गाडीचा रंग ठरला. तीन आयांनी खालाला खासगीत कळवलं की तो आपलाच मुलगा, पण कुठे बोलू नका. चौथीनं सरळ ग्रुपवर फोटो टाकला. आपल्या पोरावर तबरा झाली म्हणून तिनं शेजारच्या बायकांना खजूरही वाटले होते.

आई तो फोटो घेऊन आली. मागे अंगणात चार शेजारणी चहाला जमल्या होत्या. फोटोत काळ्या चष्म्याचा एक तरुण कुणाच्या तरी गाडीला टेकून, पोट आत ओढून उभा होता.

"ह्याच्यावर?" सेलेखा म्हणाली. "ह्याच्यावर मी अर्धी ओळसुद्धा वाया घालवली नसती."

आईनं फोन छातीशी धरला आणि अंगणाकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? नाही म्हणतेय."