भुजंगरावांचा हलका तंबू

भुजंगरावांनी टूथब्रशची दांडी अर्धी कापली, त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आता काही फार दिवस आपल्यात राहत नाही. तसं काही झालं नाही. त्यांनी उरलेला आखूड ब्रश तानकाट्याच्या, म्हणजे हातात धरायच्या स्प्रिंगच्या काट्याच्या, हुकाला लटकवला आणि काटा माझ्या नाकासमोर धरला. काटा जागचा हलला नाही. "बघा मास्तर," ते म्हणाले, "किती हलका झाला!"

न कापलेला ब्रश लटकवला असता तरी काटा हलला नसता, हे मी बोललो नाही. शेजारधर्म म्हणून काही गोष्टी गिळाव्या लागतात.

नांदेडला तरोड्याकडे आमची कॉलनी आहे. तिथे भुजंगरावांची नि माझी भिंतीला भिंत. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. सारी नोकरी लातूर आणि नांदेडच्या बाजारांत लोकांचे तराजू तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर सवय राहिली, तराजूवाले राहिले नाहीत. मग त्यांनी माझी भाजीची पिशवी धरली. मी फाटकातून आत आलो की पलीकडून आवाज येई, "वजन बोला!" मी बोलायचो. ते पिशवी काट्याला लावायचे आणि माझी फसवणूक झाल्याचं जाहीर करायचे. गवार घेऊन घरी यावं तर डोळ्यांत पाणी घेऊनच घरात शिरावं लागे.

घरात ते एकटेच. वहिनी नातवाला सांभाळायला म्हणून पुण्याला गेल्या त्या दोन महिन्यांसाठी. नातू आता दप्तर घेऊन शाळेत जातो, पण ते दोन महिने काही संपले नाहीत. मुलाचा फ्लॅट दोन खोल्यांचा. "जागा न्हाई हो तिथं," भुजंगराव सांगतात, जणू काही फ्लॅट हा त्यांच्या खात्याचा विषय आहे. रात्रभर त्यांचा टीव्ही चालू असतो. कोणी बघत नसतं, पण आवाज मात्र आमच्या उशीपर्यंत पोचतो. एकदा मी तक्रार केली तर म्हणाले, "तुमाला आवाज येतो? मंग भिंत पातळ हाय. बिल्डरनं फशिवलं तुमाला."

त्याच टीव्हीवर त्यांनी कुठल्या तरी बर्फाळ मुलखातला एक दाढीवाला पाहिला. तो पाठीवर पिशवी घेऊन एकटाच डोंगरात जातो, चिमुकला तंबू ठोकतो आणि झोपतो. भुजंगरावांच्या अंगात आलं. आठवड्याच्या आत दारात पार्सल. तंबू! बाजारातला सगळ्यांत स्वस्त आणि त्यांच्या मते सगळ्यांत हलका. त्यावर 'दोन माणसांसाठी' असं छापलं होतं. ही दोन माणसं कंपनीने कोणत्या दुष्काळातून आणून मोजली होती ते कळत नव्हतं. तंबूबरोबर खांब येतच नाही, त्यातच त्याचा हलकेपणा. आपली चालायची काठी मधे उभी करायची आणि कापड तिच्यावर ताणायचं. लोखंडी खुंट्या जड म्हणून भुजंगरावांनी सायकलच्या तारा वाकवून खुंट्या केल्या. तंबू उभा करायला त्यांना पंधरा मिनिटं लागत. घडी करून पिशवीत परत कोंबायला एक अख्खी सकाळ, आणि तरी एक कोपरा बाहेर राहायचाच.

पहिल्याच दिवशी त्यांनी मुलाला फोन लावला आणि पुण्याच्या बाल्कनीची लांबी-रुंदी विचारली. "नुसतं विचारून राहिलो," ते त्याला म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. फोन ठेवून त्यांनी खुंट्या पुन्हा मोजल्या. तंबूचं खूळ माणसाला कुठवर नेतं, असं म्हणून मी घरी येऊन बायकोला, सुनंदाला, हसून हसून सांगितलं.

"माणसाला कायी लागत न्हाई मास्तर," भुजंगराव आता येता-जाता ऐकवू लागले. "पाठीवर घर घ्यायचं न् निघायचं. कोन्हाच्या दारात जायचं काम न्हाई." त्यांना बस एक रात्र हवी होती. उघड्या माळावर, आपल्या तंबूत, एकट्याने काढलेली एक रात्र. एकट्याने म्हणजे मला सोबत घेऊन. माझा गुन्हा एवढाच की मी मास्तर आहे आणि मला सुट्ट्या असतात.

पहिली मोहीम लोह्याकडची. एसटीतून उतरून आम्ही आडवाटेला लागलो आणि दिवस कलताना एका गावाबाहेरच्या माळावर तंबू उभा केला. भुजंगराव आत जाऊन आडवे झाले, मी बाहेर दगडावर बसलो. पाच मिनिटांत एक शेतकरी आला. तंबूकडे बघून म्हणाला, "सायब, नवा रस्ता हितून जातो काय? माजं वावर जातं का ऱ्हातं, खरं सांगा." मी म्हटलं, आम्ही मोजणीवाले नाही. त्यावर त्याचा संशय पक्का झाला. तो गावात गेला आणि गाव घेऊन आला. कोणी म्हणालं, मोजणीवाले नसतील तर शुगर तपासायला आले असतील. लगेच दोन बायकांनी बोटं पुढे केली.

शेवटी पोलीस पाटलांची आई पुढे आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "गावातली घरं पडली काय रे? पाव्हणा माळावर झोपला तर शेजारच्या गावात आमी तोंड कसं दाखवावं?" एवढं बोलून तिने तंबूत हात घातला आणि मधली काठी उपसून बगलेत मारली. तंबू भुजंगरावांच्या अंगावर बसला. कापडाच्या आतून आवाज आला, "न्हाई माय, कशाला तकलीफ..." पण माय काठी घेऊन निघूनही गेली होती. काठीमागे आम्हाला जावंच लागलं.

रात्री भाकरी, येसराची म्हणजे भाजलेल्या मसाल्याच्या पिठाची आमटी, वर लोणी. पाटलांच्या घरातली दहा-बारा माणसं, लेकरं, एक बोलकी शेळी. भुजंगरावांनी जेवणाऱ्या प्रत्येकाला पिशवी हलकी कशी भरावी हे समजावलं. सकाळी निघताना त्या पिशवीत मुगाची डाळ, शेंगा आणि लोणच्याची बरणी भरली गेली. ती पिशवी त्यांनी तानकाट्याला लावली तेव्हा काट्याचा हुक सरळ झाला.

दुसऱ्या खेपेला आम्ही लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या वाटेला. तिथे तंबूची एक बाजू उभी राहते न राहते तोच एक धोतरवाले गृहस्थ थांबले. "गाव कोन्चं? कोन्या घरातले?" आपल्याकडे ही चौकशी सुरू झाली की सोयरीक निघाल्याशिवाय थांबत नाही, हे भुजंगरावांना माझ्याहून जास्त माहीत. एकांत हवा असता तर 'नांदेड' म्हणून गप्प बसायचं. भुजंगराव मात्र स्वतःच हातातल्या तारा सोडून पुढे सरसावले. "तुमच्यातलं कोन्ही बिलोलीकडं दिलेलं हाय काय?" निघालं! त्या धोतरवाल्यांच्या चुलतभावाची मेहुणी भुजंगरावांच्या आजोळी दिलेली. "मंग तुमी आमचे मामाच की!" झालं. मामा तंबू गुंडाळून पुढे, मी काठी घेऊन मागे. त्या घरी त्यांनी नात्यातल्या सगळ्या लेकरांना तानकाट्याला लटकवून बघितलं. आपल्या मुलाच्या मुलाचं वजन मात्र त्यांना फोनवर विचारावं लागतं.

किनवटला जाताना मी ठरवलं, आता ह्यांना तंबूत झोपवूनच परत यायचं. गाडीतून उतरलो आणि चालत चालत, जंगल लागायच्या अलीकडे, एका ओढ्याकाठी आलो. सपाट जागा, खाली वाळू, वाहतं पाणी. आजूबाजूला ना घर, ना माणूस, ना कोणाची मेहुणी. ज्या जागेसाठी तो दाढीवाला समुद्र ओलांडून आला असता, ती आमच्यासमोर फुकट पडली होती. मी पिशवी टाकली.

भुजंगराव उभेच. "उतार हाय," ते म्हणाले. उतार नव्हता. मग म्हणाले मुंग्या आहेत. मग वारा आहे. मग पाण्याचा आवाज लई येतो, झोप लागणार न्हाई. रात्रभर टीव्ही लावणारा माणूस हे बोलला! मी चिडून विचारलं, "मग पाहिजे तरी कसली जागा?" त्यांनी पिशवी उचलली आणि ते चालू लागले. पाय दुखेपर्यंत चाललो. उजेड जाता जाता एक गाव आलं. गावाच्या तोंडाशी हातपंप, पंपावर बायांची गर्दी, शेजारून वाडीची वाट. म्हणजे जिथे तंबू ठोकू नये अशी नेमकी जागा. भुजंगराव म्हणाले, "हां. ही बरी हाय."

आणि ते सायकलच्या तारा ठोकू लागले. जमीन लोण्यासारखी मऊ होती, तारा बोटाने आत गेल्या असत्या. भुजंगराव दगडाने ठोकत होते, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, आणि दर ठोक्याला मान वर करून वाटेकडे बघत होते. एक माणूस सायकलवरून तसाच निघून गेला. भुजंगरावांनी ठोकलेली तार उपटली आणि नव्याने ठोकायला घेतली. मग दुसरा आला. त्याने पाय टेकला. "मामा, हितं काय करून राहिले? घर न्हाई काय आमचं?"

त्या वेळचा भुजंगरावांचा चेहरा मी पाहिला. "न्हाई हो, आमाला सवय हाय..." असं तोंडाने म्हणत होते, आणि चेहरा शाळा सुटल्यासारखा झाला होता. हा माणूस तंबूत झोपायला कधी निघालाच नव्हता. कोणीतरी 'आत या' म्हणावं म्हणून तो बाहेर झोपायचं सामान घेऊन मैलोन् मैल फिरत होता. सगळ्या कॉलनीत त्यांना कोणी असं म्हणत नव्हतं. घर असलेल्या माणसाला कोण म्हणणार?

मी घरी आल्यावर सुनंदाला हे सांगितलं. या वेळी हसून सांगता आलं नाही.

पंधरा दिवसांनी येळवस आली. येळवस म्हणजे आमच्या भागात पौषाच्या तोंडाशी येणारी अमावस्या. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जीची मिसळभाजी नि ताकातलं आंबील असं जेवण करायचं आणि येईल त्याला पंगतीला बसवायचं. त्या दिवशी गावं ओस आणि वावरं भरलेली. आमचं वावर अहमदपूरच्या अलीकडे. सकाळी डबे, माठ नि लेकरं भरून गाडी काढली, तर समोरच्या रिकाम्या प्लॉटवर ठाक, ठाक, ठाक. कॉलनीतली प्रत्येक गाडी जिथून जाणार त्या वळणावर भुजंगराव तंबू ठोकत होते. वाण्यांची गाडी हात हलवून गेली. देशमुखांची गेली.

मी गाडी थांबवून खाली उतरलो. "काय चाललंय?"

"कायी न्हाई. कापड तपासून राहिलो. दव झिरपतं काय ते." ऊन चांगलं वर आलं होतं.

सुनंदा खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, इथं कशाला झोपता? वावर नाही का आपलं?"

"न्हाई वैनी, तुमी जावा."

"चला हो," मी म्हणालो.

"तुमच्या गाडीत वजन लई होईल मास्तर."

"चला म्हणतो ना!"

तिसऱ्यांदा नको म्हणायची रीत आहे. तेवढी त्यांच्याने पाळवली नाही. ज्या तंबूला घडी करायला सकाळ लागायची तो त्यांनी चुंबळीसारखा गोळा करून काखेत मारला, तारांसकट, आणि ते गाडीत येऊन बसले. काठी तिथेच विसरले, ती मी आणली.

वावरात पांडवांची पूजा झाली, पंगत उठली. भुजंगराव तीनदा भज्जी घेऊन चारदा आंबील प्यायले. मग त्यांनी कोपीच्या शेजारी, लेकरांच्या खेळाच्या मधोमध, काठी उभी केली, वर कापड टाकलं आणि आत जाऊन पडले. पाय बाहेर राहिले. पोरं तंबूभोवती पळत होती, बाया भांडी आपटत होत्या, माझा भाऊ कोणाशी तरी बांधावरून वाद घालत होता. सुनंदाने पोरांना दटावलं, "ए, गप बसा रे! मामा झोपलेत."

आतून, डोळे मिटलेल्या माणसाचा जड आवाज आला. "वरडू द्या माय त्यायला. झोप लागून राहिली."