टोपीवरचा पाहुणा

बिस्किट बाहेर जाऊन खावं, एवढाच निर्णय भाऊसाहेबांनी घेतला होता. यात काय मोठंसं, असं कोणीही म्हणेल. पण बायकोबरोबर पाणथळीवर पक्षी बघायला गेलेल्या नवऱ्याने स्वतःच्या डोक्याने निर्णय घेऊच नयेत! (तेवीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये कारकुनी केली, तिथे त्यांनी एकही घेतला नव्हता.)

ऑक्टोबरातली सकाळ. थंडीचे पाहुणे पक्षी नुकते उतरू लागलेले. लाकडी आडोशाच्या खिडक्यांना डोळे लावून, बायको धरून अकरा माणसं श्वास रोखून बसली होती. भाऊसाहेबांनी पुडा उघडला. कुर्रर्र! अकराच्या अकरा माना वळल्या. बायकोने नुसतं बघितलं. भाऊसाहेब मुकाट्याने उठले, बाहेर फळ्यांच्या वाटेवर आले, आणि कोणाला दिसू नये म्हणून खाली गवतात उतरले. पाय जो आत गेला, तो बाहेर यायचं नावच घेईना. दुसराही गेला.

"अगं ए!" त्यांनी हळूच हाक मारली. (ओरडू नये, अशी पाटी होती ना!)

चिखल गुडघ्याला लागला. भाऊसाहेब लटलट कापायला लागले. तेवढ्यात टोपीवर टपकन काहीतरी बसलं.

आडोशाच्या खिडकीत बायकोचं डोकं दिसलं. "अहो," ती कुजबुजली, "हलू नका!"

"मी बुडतोय!"

"तोंडसुद्धा हलवू नका! निळ्या गळ्याचा आहे. नऊ वर्षांत इथे दिसला नव्हता हो!"

खिडक्यांतून एकेक कॅमेरा बाहेर आला. सगळ्यांचा नेम भाऊसाहेबांच्या कपाळाच्या चार बोटं वर. चिखल मांडीला आला. भाऊसाहेबांना दरदरून घाम फुटला. आपण गेलो! आपलं शेवटचं दर्शन अकरा फोटोंत राहणार, आणि एकातही चेहरा धड येणार नाही. पोरीला ही काय सांगणार? ओरडायला तोंड उघडलं, तर बायकोने खिडकीतूनच ओठांवर बोट ठेवलं. पाहुणा वर आरामात येरझाऱ्या घालत होता.

"दोन मिनिटं दम धरा," बायकोने हात जोडले. "फक्त दोन!"

चिखल कमरेला आला, तेव्हा कुठे गमबूट घातलेला राखणदार फताक फताक करत पोचला.

"साहेब, खाली कशाला बसलाय?"

"बसलो नाही रे बाबा, बुडतोय! वाचव!"

"इथे गुडघ्याच्या वर चिखलच नाही. खाली खडक आहे. भीतीने तुमचेच गुडघे वाकलेत. उभे राहा बघू."

भाऊसाहेब उभे राहिले. चिखल गुडघ्याला आला. पाहुणा भुर्रकन उडाला, आणि आडोशात एकच हळहळ उसळली.

राखणदाराने त्यांना ओढून फळ्यांवर काढलं, तोवर बायको धावत आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. भाऊसाहेबांना अगदी भरून आलं. आपल्यासाठी ती इतकी कधी रडल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी तिच्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवला.

"रडू नकोस गं. मी आहे ना!"

"तुम्ही आहात हो," ती हुंदका देत म्हणाली. "तुम्हाला काय धाड भरलीय? तो गेला ना!"