मयताला तीन पुरावे

कुलवृत्तांताच्या पान दोनशे बारावर मी एका माणसाच्या नावापुढे 'मयत, निर्वंश' असं टाइप केलं. तो माणूस गेल्याचा माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता.

यावर तुम्हाला 'बरं मग?' असं वाटत असेल, तर तुम्ही सुमतीताईंना ओळखत नाही.

आमच्या आडनावाचं एक कुलमंडळ आहे. कोकणातून मुंबईला आलेल्या आमच्या सगळ्या घरांची वंशावळ छापायची, एवढाच त्याचा उद्योग. मंडळाचं ऑफिस म्हणजे गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची ताईंची खोली. ताई आमच्या कुळातल्या माहेरवाशीण. वय पंच्याहत्तर, आडनाव सासरचं, राबणं माहेरच्या कुळासाठी. त्यांनी केलेली एकोणीस कलमांची नियमावली भिंतीवर देवांच्याही वर टांगलेली आहे. दुसऱ्या कुळांची मंडळं ती उतरवून घ्यायला येतात. येताना हौसेने आपली वंशावळ दाखवायला आणतात, आणि जाताना ती पिशवीत खाली, कोणाला दिसणार नाही अशी ठेवतात.

"ज्याचा त्याचा खापरपणजोबा महाराजांच्या फौजेत!" ताई म्हणतात. "मग भात कोण लावत होतं रे?"

जन्माच्या बाबतीत मात्र बाई उदार. शेजारणीने "बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात हो आम्ही" एवढं सांगितलं तरी मूल वंशावळीत दाखल. मरण मात्र ताईंकडे सहजासहजी मिळत नाही. कलम सात: मयत लिहायला तीन स्वतंत्र पुरावे. लालबागचे एक अण्णा वडिलांची नोंद करायला आले होते, तेव्हा मी तिथेच होतो.

"दाखला?"

"गावाक कसलो दाखलो? अगो बाय, बापाशीक सोताच्या हातान अग्नी दिलंय मी!"

"तुम्ही मुलगा. घरचा साक्षीदार एकच धरते मी. आणखी?"

"पिंडाक कावळो शिवलो!"

"कावळ्याची सही आहे?"

अण्णांचे वडील आजही आमच्या कच्च्या खर्ड्यात जिवंत आहेत. वय एकशे अकरा.

माझ्याआधी टायपिंग करणाऱ्या गृहस्थांनी एका काकूंना एकाच पुराव्यावर मयत केलं होतं. ताईंनी भर सभेत त्यांच्याकडून कलम सात तीनदा मोठ्याने वाचून घेतलं. ते गृहस्थ आता गिरगावात आले तर पलीकडच्या फुटपाथने जातात. मला हे सगळं माहीत होतं. पण कॉम्प्युटरवरच्या त्या फॉर्मात 'स्थिती' हा रकाना रिकामा ठेवला की नोंद सेव्हच होईना. दत्ताराम नावाचा माणूस. लग्न नाही, मुलं नाहीत, पत्ता नाही. मी म्हटलं, गेलाच असणार. या हिशेबाने मीही कधीच गेलेलो आहे, हे तेव्हा सुचलं नाही.

रविवारी छापलेली पानं ताईंकडे तपासायला पोचवली. बुधवारी दादरला मेथी निवडून घेताना एकदम ती नोंद आठवली, आणि जुडी हातातून गळाली. शनिवारपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. रविवारी सकाळी चाळीचा जिना चढलो तो पानं परत मागायचं ठरवूनच.

ताई पान दोनशे नऊवर होत्या. तपासायची त्यांची एक पद्धत आहे. ओळीखाली लाकडी फूटपट्टी ठेवायची, ओळ वाचायची, वहीतल्या पुराव्याशी ताडायची, मग पट्टी एक ओळ खाली.

"ताई, ही पानं जुनी झाली. देता का? नवीन प्रिंट आणतो."

"मागच्या रविवारी दिलीस ना? आठवड्यात कागद आंबला?"

दोनशे दहा. दोनशे अकरा. पट्टी खाली येत होती. दोनशे बारावर मी मनातल्या मनात कलम सात पाठ म्हणायला सुरुवात केली, निदान सभेत अडखळायला नको.

पट्टी थांबली.

मी डोळे मिटून घेतले. ओरडा आलाच नाही. अगदी बारीक आवाज आला, "कुठे मिळाला रे?"

"काय, ताई?"

"पुरावा."

मी डोळे उघडले. पट्टीवर दाबलेलं त्यांचं बोट पांढरं पडलं होतं. पट्टीच्या खालची ओळ मी तेव्हा प्रथम नीट वाचली. 'कन्या: इंदू'.

"इंदू म्हणजे मी," ताई म्हणाल्या. "लग्नात नाव बदललं. दत्तू माझा धाकटा भाऊ. परळला राहायचो तेव्हा. रेशनच्या रांगेत नंबर लाव म्हणून मीच पाठवलं होतं. सतरा वर्षांचा होता. पिशवी घेऊन गेला तो गेलाच." त्यांनी चष्मा काढला. "कोण भेटलं तुला? कुठल्या गावाला होता? सांग. बसलेय मी."

बुधवारपासून मी या बाईला घाबरत होतो. आता समोर तीच बाई माझ्या तोंडाकडे बघत घाबरून बसली होती, आणि मी काय बोलतो यावर तिचा भाऊ अवलंबून होता.

"काही नाही हो ताई," मी कसाबसा म्हणालो. "पुरावा नाही. कोणी भेटलं नाही. रकाना रिकामा घेत नव्हता, म्हणून मी आपलं... ठोकून दिलं."

"नक्की?"

"देवाशपथ."

ताईंनी श्वास सोडला. लाल पेन घेऊन 'मयत, निर्वंश' पट्टी धरून सरळ खोडलं. वर काही लिहिलं नाही. ती जागा कोरीच ठेवली. मग पदराने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बावळट आहेस, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "पण आज बरं वाटलं रे, बावळटच निघालास ते."