शिवळेभाऊंनी अडवलेली बाटली

शिवळेभाऊ आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये थेट शिरत नाहीत. आधी दार धरून आतल्या पाटीवरची तपासणीची तारीख वाचतात. ती उलटून गेली असेल तर चार मजले जिना चढतात आणि आत उभ्या असलेल्या आम्हाला म्हणतात, "जावा तुमी. तुमच्या जबाबदारीवर."

मूळचे महाळुंग्याचे शेतकरी. जमीन कारखान्यांत गेली आणि भाऊ त्यातल्याच एका कारखान्यात तयार माल तपासायला लागले. तेव्हापासून दुधाची पिशवी, गॅसची नळी, कुणाच्या नव्या जावयाचं हसणं, सगळ्यावर एकच प्रश्न: "खात्री हाय का?" ती न पटल्यामुळेच लग्न राहून गेलं, असं सोसायटीत बोलतात.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, सुनंदाला, ताप चढला आणि ती असंबद्ध बोलायला लागली. चाकणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, विषाणूमुळे मेंदूला सूज आलीय. असायक्लोव्हिर शिरेतून द्यावं लागेल, दर आठ तासांनी. शिवळेभाऊ डबा घेऊन आले ते तिथेच बसले.

"बाटली किती वेळात जाणार?" त्यांनी सिस्टरना विचारलं.

"तासाभरात. घाई केली तर किडनीला त्रास होतो."

झालं! भाऊ घड्याळ हातात धरून बसले. किडनीचा रिपोर्ट कधी येणार, पाणी किती प्यायल्या, लघवी किती झाली. सिस्टर वैतागल्या. "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. बेअरिंग तपासतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर नवी बाटली लावायला आल्या. भाऊंनी ती खिडकीपाशी धरायला लावली. "थांबा. आत कायतरी चमकतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सिस्टर बघतच राहिल्या. बाटलीत सुईसारखे बारीक कण तरंगत होते. आधीच्या शिफ्टमध्ये कुणीतरी कालवलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवलं होतं, आणि गारव्यानं त्यात कण धरले होते. सिस्टरनी ती बाटली टाकून दिली, ताजं औषध तयार केलं आणि लावण्याआधी स्वतःहून भाऊंपुढे धरलं. "बघा काका."

आठव्या दिवशी मी घरी आंघोळ उरकून परत आलो आणि दारातच थबकलो. सुनंदाचा थोरला भाऊ जाऊन कैक वर्षं झाली. तापाच्या भरात ती शिवळेभाऊंनाच तो समजत होती. "दादा, पाणी कडू लागतंय."

"घोटभर घे गं नंदे. दादा सांगतोय न्हवं?"

आयुष्यात एक खोटं बेअरिंग पुढे न सोडलेला माणूस! मी पावलं न वाजवता मागे फिरलो.

दोन दिवसांनी ती भानावर आली. मला ओळखलं. मग पायावरची चादर सारखी करत संकोचून म्हणाली, "शिवळेभाऊ, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"बरोबर वळखलं वहिनींनी," भाऊ मला म्हणाले. "बऱ्या झाल्या." आणि बाहेर गेले.

मी मागोमाग गेलो. ते जिन्यापाशी पाठमोरे उभे होते.

"भाऊ, आनंदाची गोष्ट आहे की ही."

"हाय की." ते वळले नाहीत. "भाऊ तर अख्खी सोसायटी म्हणती, राव. दादा कुणी म्हणलं नव्हतं."