भाऊकाका आणि चुन्याची भिंत

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला भाऊकाका हॉलमधल्या कमानीखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही कमान खोटी आहे. हिच्या डोक्यावर भारच नाही. नुसती नटलीय!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, त्या कमानीवर भाळूनच आम्ही घर घेतलं होतं!

भाऊकाका म्हणजे समोरच्या सुहासचे वडील. कोल्हापूरकडे बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. काकू गेल्यावर सुहासनं त्यांना इकडे अमेरिकेत, ट्रॉयला आणलं. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती: दमानं केलेलं, टिकणारं ते 'चुन्यातलं', बाकी सगळं 'सिमेंटी'. माझी बायको चुन्यातली. मी, माझी गाडी, माझी नोकरी सिमेंटी. दोन हजार तीनमध्ये माझा लेऑफ झाला तेव्हा "सांगितलं नव्हतं? सिमेंटी!" म्हणत हा माणूस सांत्वनाला आला होता.

अख्ख्या अमेरिकेत त्यांना चुन्यातली एकच वस्तू सापडली. चालत जाण्याच्या अंतरावरचं जुनं दगडी चर्च. जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या गावातल्या आठ-नऊशे वर्षं जुन्या चर्चच्या आठवणीवर ते बांधलेलं. आमचं मराठी मंडळ गणपती तिथेच बसवायचं, आणि भाऊकाका आरतीच्या रांगेत लोकांना धरून ऐकवायचे, "मूळ चर्च बांधलं तेव्हा टोकदार कमान ठाऊक नव्हती. अर्धगोल कमान भार बाहेर रेटते. म्हणून भिंत जाड, म्हणून खिडकी एवढीशी. उगाच अंधार नाही केलेला, गाढवांनो!" पोरं आयांना विचारायची, "व्हाय इज ही मॅड ॲट द विंडो?"

मग मंडळाला श्रमदानाची हुक्की आली. चर्चचे उपकार फेडायचे, तर दिवाळीला घर रंगवतात तसं ते आतून रंगवून काढू! भाऊकाका तेव्हा लांब शुगर लँड गावी मुलीकडे होते. आम्ही वीकेंडला चकचकीत, धुता येणारा प्लास्टिक पेंट मारला. चर्चची कमिटी खूश, फोटोबिटो झाले.

भाऊकाका परत आले आणि त्यांनी आकाशपाताळ एक केलं. "चुन्याची भिंत श्वास घेते रे! नाक दाबलंत तिचं! ओल आत कोंडून मरेल ती!" मला झापलं, अध्यक्षांना झापलं, पाद्र्यांना तर शुद्ध मराठीत झापलं. हिवाळाभर रोज जाऊन भांडण. शेवटी मार्चमध्ये कमिटीचं डोकं फिरलं. मी मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून मला बोलावून सांगितलं: हे गृहस्थ पुन्हा इथे दिसले, तर तुमचा गणपती दुसरीकडे बघा.

शनिवारी मी तणतणत चर्चमध्ये गेलो. भाऊकाका एका कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. समोर भिंतीच्या रंगाला टरारून फोड आले होते, त्यांतून चुन्याचा ओला भुगा गळत होता. त्यावर त्यांनी तळहात ठेवला होता.

"काका, बास झालं! घरी बसा ना! काय कमी आहे तिथे?"

मला वाटलं, आता अंगावर येतील. आले नाहीत.

"कमी काहीच नाही रे," ते म्हणाले. "सुहास बघतो, सून बघते. तिथे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. ही आजारी आहे. हिला टाकून कसा जाऊ?"

मला सुहासचा राग आला, कमिटीचा आला, पेंटचे डबे उचलून आणणाऱ्या आम्हा सगळ्यांचा आला. या म्हाताऱ्याचा मात्र राहिला नाही.

"कमिटीला मी बघून घेतो," मी म्हणालो. "गेली ही जागा तर गेली. गणपती माझ्या गराजमध्ये बसेल. खरवडायला काय आहे?"

त्यांनी कोटाच्या खिशातून सुनेच्या स्वयंपाकघरातलं उलथनं काढून दिलं. मी तावातावानं पहिला फोड फोडला.

त्यांनी माझं मनगट धरलं. "हळू रे. दुखतं तिला."