दौलतकाकांचे सुखतळे

डावा सुखतळा उजव्या बुटात आणि उजवा डाव्या बुटात घालून मी महिनाभर अमरावतीत हिंडलो. आणि मी भूगोलाचा मास्तर. पूर्व कुठं, पश्चिम कुठं, हे पोरांना सांगण्यावर माझं पोट चालायचं.

सुखतळा म्हणजे बुटात पायाखाली सारायची गादी. दिवसभर फळ्यापुढं उभं राहून माझी टाच अशी धरली होती, की सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना मी देवाचं नाव घ्यायचो. एरवी मी त्याला फारसा त्रास देत नसे. राजापेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे दौलतकाका पायाच्या मापाचे सुखतळे फुकटात करून देत. पण मी पडलो शिकलेला. अकोल्याला गेलो आणि जठारपेठेतल्या एका दुकानातून गुलाबी रबराची तयार जोडी घेऊन आलो. मग काकांना तोंड दाखवायची लाज, म्हणून महिनाभर मागच्या दारानं शाळेत जात होतो.

काकांना तोंड दाखवून तसाही उपयोग नव्हता. बडनेऱ्याहून रिटायर झालेला हा रेल्वेचा गार्ड माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे. पायाकडे बघे. आमचं लग्न होऊन बायको घरी आली, तेव्हा काका तिची पावलं न्याहाळून म्हणाले, “सूनबाई, तुमी डाव्या पायावर जास्त भार देता. माहेरी पानी शेंदत होत्या काय?” ती खरंच शेंदायची. तेव्हापासून ती काकांना फार मानू लागली आणि मला, त्या मानानं, कमी.

एकदा मागचं दार फुगून बसलं आणि मला पुढून निघावं लागलं. काका ओट्यावर डोळे मिटून बसले होते.

“थांब मास्तर. हे तुही चाल नोहे.”

बूट काढायला लावले. आत हात घालून गुलाबी जोडी बाहेर ओढली.

“हे काय होय?”

“कंपनीचे आहेत काका. चांगले आहेत.”

“कंपनीनं तुहा पाय पाह्यला काय?”

हा काकांचा ठेवणीतला सवाल. तयार सदरा असो, डब्यातलं तूप असो, काका हेच विचारत. त्यांनी जोडी उलटीपालटी करून पाहिली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, “अबे, डावी उजवीकडं घातली नं बे लेका!”

मग मला घरात नेलं. फरशीवर खाकी कागद अंथरला, त्यावर उभं केलं आणि सत्तरीचा तो माणूस माझ्या पायाशी मांडी घालून बसला. मी संकोचून पाय आखडला.

“पाय चोरू नको. मानूस घाबरला का पाय लहान होते. पुरा भार टाक. आन घरचं सांग.”

“घरचं काय सांगू?”

“काईबी. बोलता बोलता पाय मोकळा होते.”

मी सांगत गेलो. बायकोचा अबोला, आईचा दमा, हेडमास्तर. काकांची निळी पेन्सिल पायाभोवती सरळ उभी फिरत होती. राजापेठेतल्या किती घरांची गुपितं त्या कागदावर उभं राहून सांगितली गेली असतील! काकांनी एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. पुढं टांगेवाल्याकडचा जुना, जाड लोकरीचा नमदा, त्याखाली सायकलची ट्यूब, टाचेशी कापसाची गादी, असं करत त्यांनी जोडी बेतली. पंधरवड्यात मी देवाला मोकळं केलं.

त्या हिवाळ्यात गल्लीत एका मुलीचं साक्षगंध होतं. पंगत उठली आणि दाराशी चपलाबुटांच्या ढिगात मी घाईनं पाय घालून निघालो. चार पावलं गेलो नाही, तोच ती जुनी कळ टाचेत चमकली. बूट काढून पाहिला. बूट माझा नव्हता. आत काकांनी माझ्याकडून काढून घेतलेलं गुलाबी रबर होतं. जठारपेठेचं.

मागून काका अनवाणी येत होते.

“आन तो इकडं,” ते म्हणाले.

“काका, तुमी? कंपनीचा?”

काका बूट घालत राहिले. नाडी आवळत म्हणाले, “सोताचा पाय सोताले कागदावर काढता येत नाई मास्तर. वाकलं का भार हालते. तुही काकू काढे माहा.”

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती.

“मग मले नाही सांगायचं?”

“कोनाले म्हनू, माह्या पायाशी येऊन बस म्हनून?”

मी त्यांना घरी नेलं नाही. त्यांच्याच घरी गेलो. कोनाड्यातून कागद काढला, अंथरला, मांडी घातली. पाय भेगाळलेला, आखडलेला होता.

“भार टाका काका. घरचं सांगा.”

काका भिंतीला हात टेकून उभे राहिले. “घरचं,” ते म्हणाले. मग हळूच, “काकू पेन्सिल फिरवे तं मले गुदगुल्या होत. ते मुद्दाम करे.”

पुढं ते बोलत राहिले आणि मी काढत राहिलो. त्यांचा पाय मोकळा झाला. माझी पेन्सिल मात्र भरकटली. कागदावर जे उमटलं ते हुबेहूब सिलोनसारखं दिसत होतं. काकांनी ते पाहिलं आणि कागदाची घडी केली.

आठवड्यानं ओट्यावर गेलो, तर गुलाबी जोडी बाजेच्या डगमगत्या पायाखाली गेलेली. काका माझ्या कागदावरून बेतलेले नवे सुखतळे घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले.

“बरं वाटते काका?”

काकांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आंगठा बाहीर, टाच अर्धी हवेत,” ते म्हणाले. “म्या घालीन बापा, तुनं काढला म्हनून. पन पोराइले नकाशे नको शिकवू. एखांदं बडनेऱ्याले निंघन आन समुद्रात पडन.”